बॉम्बवाहू ट्रक : ओळख, जतन आणि पुनरुज्जीवन

बॉम्बफेकी विमानाच्या पोटात चढणारा प्रत्येक बॉम्ब आधी जमिनीवरून वाहून न्यावा लागतो. पाचशे पौंडांचा बॉम्ब म्हणजे सव्वादोन क्विंटलांचे पोलाद आणि स्फोटक, हजार पौंडांचा म्हणजे साडेचार क्विंटल. असे शेकडो बॉम्ब भांडारातून काढायचे, गाडीवर चढवायचे, चिखलातून किंवा धुळीतून दूर पांगवून उभ्या केलेल्या विमानांपर्यंत न्यायचे आणि ठरलेल्या वेळेच्या आत त्यांच्याखाली अचूक उभे करायचे, हे काम माणसांच्या खांद्यांनी होण्यासारखे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात त्यासाठी एक स्वतंत्र वाहन तयार झाले. अमेरिकी सैन्याच्या कागदपत्रांत त्याचे नाव ‘बॉम्ब सर्व्हिस ट्रक’ असे आहे. मराठीत त्याला बॉम्बवाहू ट्रक म्हणता येईल. मात्र तो बॉम्ब फक्त वाहत नसे, तो ते उचलत असे आणि बॉम्ब लादलेल्या गाड्या ओढतही असे.

हे वाहन आज फार थोड्यांच्या पाहण्यात आहे. रणगाडे चबुतऱ्यांवर उभे राहिले, तोफा छावण्यांच्या फाटकांशी मांडल्या गेल्या, विमाने संग्रहालयांत गेली. बॉम्बवाहू ट्रक मात्र युद्धानंतर कामाला लागला. त्याची चासी दणकट, चारही चाकांना जोर आणि इंजिन ओळखीचे होते. त्यामुळे त्याच्यावरची उचलयंत्रणा काढून टाकली गेली, मागे फळ्यांचा हौदा बसला आणि तो मालट्रक झाला. निरुपयोगी ठरलेल्या वस्तू जशाच्या तशा राहिल्या. हा उपयोगी पडला, म्हणून त्याचे मूळ रूप पुसले गेले. या वाहनाचा अभ्यास आणि पुनरुज्जीवन यांतली मुख्य अडचण हीच आहे आणि त्याचे खरे मोलही इथेच आहे. पुसलेल्या रूपाच्या खुणा लोखंडावर शिल्लक असतात. त्या वाचता येणे हे या कामातले पहिले कौशल्य. पाना आणि रंगाचा फवारा त्यानंतर हाती घ्यायचा.

बॉम्बची वाट

ट्रक समजून घ्यायचा तर बॉम्ब कोणत्या वाटेने जात असे ते आधी समजले पाहिजे. कारखान्यातून किंवा जहाजातून आलेला बॉम्ब पूर्ण अवस्थेत नसे. स्फोटक भरलेले धड वेगळे, पत्र्याची शेपटी वेगळ्या खोक्यात आणि स्फोट घडवणारा फ्यूज आणखी वेगळ्या डब्यात येई. विमानतळापासून अंतर राखून बॉम्बचे भांडार असे आणि तिथे मातीच्या बांधांआड धडे रचून ठेवलेली असत. उड्डाणाचा आदेश आला की धडे बाहेर निघत, त्यांना शेपट्या बसत, शेवटच्या टप्प्यात फ्यूज चढत आणि मग गाड्यांची रांग विमानांकडे निघे. विमानाखाली पोचल्यावर बॉम्बच्या पाठीवरच्या कड्यांना धरून तो विंचने वर खेचला जाई.

या क्रमात ट्रकाच्या वाट्याला तीन कामे येत. भांडारात धड उचलून बॉम्बगाडीवर ठेवायचे, गाड्यांची रांग ओढायची आणि विमानांच्या गर्दीत अरुंद जागी वळायचे. त्याची आखूड चासी, मागे बाहेर झेपावलेली पोलादी तुळई, तुळईवर सरकणारी उचल आणि मागचा भक्कम हूक या सगळ्यांचे स्पष्टीकरण या तीन कामांत मिळते. कोणताही भाग कशासाठी आहे असा प्रश्न पडला की बॉम्बच्या वाटेवर परत जावे; उत्तर तिथे सापडते.

भांडार, फ्यूज आणि विमान यांच्यात अंतर का ठेवायचे, हे महाराष्ट्राने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकाच वेळी लादलेल्या होत्या. कापसाने पेट घेतला आणि दुपारनंतर झालेल्या दोन स्फोटांत गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. शेकडो माणसे दगावली. स्फोटके आणि जळाऊ माल एकत्र ठेवू नये, धड आणि फ्यूज एका जागी साठवू नयेत, हे नियम कागदी शिस्तीसाठी केलेले नव्हते. बॉम्बची वाट याच नियमांभोवती आखलेली असे.

वाहनाचे प्रकार

या जातीतले सर्वांत ओळखले जाणारे वाहन म्हणजे शेवरले कंपनीचा एम-६. अमेरिकी सैन्यासाठी शेवरलेने दीड टनी, चारही चाकांना जोर असलेला ट्रक मोठ्या संख्येने बनवला आणि त्याच्याच चासीवर एम-६ उभा केला. साध्या मालवाहू ट्रकाच्या पुढच्या-मागच्या आसांतले अंतर १४५ इंच, एम-६चे १२५ इंच. इंजिन २३५ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, पेट्रोलवर चालणारे. गिअर चार, त्यांच्या मागे दोन वेगांची ट्रान्सफर केस, ब्रेक हायड्रॉलिक आणि त्यांना निर्वात दाबाची मदत, विजेची व्यवस्था सहा व्होल्टची, टायर ७.५०-२० मापाचे. त्याच्या मागे जोडायच्या बॉम्बगाडीला एम-५ म्हणत; ती अडीच टनी आणि बुटकी असे, म्हणजे बॉम्ब फार वर उचलावा लागत नसे.

त्याहून मोठा एम-२७ हा जीएमसी कंपनीच्या प्रसिद्ध अडीच टनी सहाचाकी ट्रकावर बांधलेला होता. अमेरिकी नौदलाने फोर्डच्या जीटीबी या बसक्या ट्रकाचे बॉम्बवाहू रूप वापरले; हाच ट्रक पुढे ‘बर्मा जीप’ या नावाने ओळखला गेला. ब्रिटिश हवाई दलाची रीत वेगळी होती. तिथे उचलयंत्रणेचा खास ट्रक कमी आणि बॉम्बच्या ट्रॉल्यांची रांग ओढणारा ट्रॅक्टर जास्त दिसे. डेव्हिड ब्राऊन आणि फोर्डसन ही त्यांची रोजची साधने. भारतात ब्रिटिश आणि अमेरिकी या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदल्या. म्हणून इथे एखादे जुने वाहन हाती आले, तर ते कोणत्या परंपरेतले आहे हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा.

एम-६ आणि त्याच्या मागची गाड्यांची रांग कशी चालत असेल, याची कल्पना ऊसपट्ट्यातल्या बारामती-इंदापूर भागात वेगळी करून द्यावी लागत नाही. गाळप हंगामात उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेवर ज्या अडचणींना तोंड देतो, त्याच अडचणी त्या चालकापुढेही असत. मागची गाडी वळणावर आत कापते, उतारावर पुढच्या वाहनाला ढकलते आणि हुकाच्या पिनेवर सगळा भार येतो. म्हणूनच एम-६च्या चासीचा मागचा आडवा दांडा (क्रॉस मेंबर) आणि हूक बसवण्याची जागा साध्या मालट्रकापेक्षा बारकाईने तपासावी लागते.

भारतातील तळ आणि महाराष्ट्र

अमेरिकी हवाई दलाचे बॉम्बफेकी ताफे प्रामुख्याने पूर्व भारतात होते. दहाव्या हवाई दलाची लिबरेटर विमाने बंगालमधून ब्रह्मदेशावर जात. १९४४ मध्ये खरगपूर आणि आसपासच्या तळांवर बी-२९ सुपरफोर्ट्रेस ही त्या काळातली सर्वांत मोठी बॉम्बफेकी विमाने आली आणि ५ जून १९४४ रोजी त्यांची पहिली लढाऊ मोहीम इथूनच बँकॉकवर निघाली. त्या दिवशी ९८ विमाने उडाली. एवढ्या विमानांना एका वेळी बॉम्ब पुरवायचे म्हणजे जमिनीवर केवढी धावपळ झाली असेल, हे त्या आकड्यावरूनच कळते.

महाराष्ट्रातले प्रमुख केंद्र पुणे होते. लोहगावचा विमानतळ १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभा राहिला आणि युद्धकाळात तिथून वेलिंग्टन आणि मॉस्किटो ही बॉम्बफेकी विमाने उडाली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. देहूरोडला आयुध आणि दारूगोळ्याची भांडारे, विदर्भात पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आणि मुंबईत शिवडीला १९२८ पासून मोटारी जुळवणारा जनरल मोटर्सचा कारखाना. युद्धसामग्री बंदरात उतरवणे, वाहने जुळवणे, स्फोटके साठवणे आणि विमानांना पुरवणे ही सगळी साखळी मुंबई-पुणे पट्ट्यात पूर्ण होत होती.

युद्ध संपल्यावर ही साखळी भारतीय हवाई दलाकडे आली. इथल्या पुनरुज्जीवनाच्या इतिहासातले सर्वांत मोठे प्रकरण याच काळातले आहे. ब्रिटिशांनी परत जाताना आपली लिबरेटर विमाने कानपूरला गोळा केली आणि अमेरिकेशी असलेल्या उसनवारीच्या (लेंड-लीज) कराराप्रमाणे ती निकामी करून टाकली. काहींवर अवजड वस्तू आदळल्या, काहींच्या इंजिनांत वाळू ओतली. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्या मोडक्या सांगाड्यांतून विमाने निवडली, त्यांना जेमतेम उडण्याजोगे केले आणि बंगळूरला नेऊन पूर्ण दुरुस्त केले. अशी चाळिसाच्या आसपास विमाने पुन्हा उभी राहिली. १९४८ मध्ये त्यांच्यावर पाचवे स्क्वाड्रन स्थापन झाले. सहाव्या स्क्वाड्रनची लिबरेटर पुण्याहून समुद्रावर टेहळणी करत आणि १९६८ पर्यंत ती सेवेत राहिली. आज जगभरच्या संग्रहालयांत उरलेल्या लिबरेटरांपैकी बरीचशी भारतीय हवाई दलाने सांभाळलेली आहेत. ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयातले विमानही भारताने दिलेले.

लोहगावच्या धावपट्टीवरून बॉम्ब घेऊन निघालेली सर्वांत प्रसिद्ध मोहीम १८ डिसेंबर १९६१ची. त्या सकाळी बारा कॅनबेरा विमानांनी गोव्यातल्या दाभोळी विमानतळाच्या धावपट्टीवर सुमारे ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. किलोंत हा भार साडेअठ्ठावीस हजारांच्या वर जातो. आदल्या रात्री हा सगळा भार भांडारातून विमानांपर्यंत चाकांवरून गेला असणार. वैमानिकांची नावे इतिहासात नोंदली गेली. विमानांवर शस्त्रे चढवणाऱ्या ज्या आर्मरर मंडळींनी आणि चालकांनी बॉम्ब पोचवले, त्यांच्या कामाची आठवण करून देणारी वस्तू म्हणजे हे वाहन. त्याचे जतन करण्यामागचा सर्वांत ठोस हेतू हाच आहे.

दुसरे आयुष्य

युद्धानंतर हजारो लष्करी वाहने लिलावांतून नागरी बाजारात आली. ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द त्या पिढीच्या तोंडी रुळला. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हाच्या ताफ्यात बेडफोर्ड, शेवरले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल असे नाना जातींचे चासी होते. म्हणजे शेवरलेचे सहा सिलिंडरी इंजिन उघडणारे हात महाराष्ट्रात गावोगावच्या डेपोंत तयार झाले. लष्कराकडेही १९५०च्या दशकात युद्धातलीच वाहने होती. १९५९ मध्ये जबलपूरला जर्मन मान कंपनीच्या परवान्याखाली शक्तिमान ट्रक बनू लागला आणि मग हळूहळू जुनी वाहने मागे पडली.

बारामती-इंदापूरच्या नीरा खोऱ्याचा या कथेशी एक धागा जोडलेला आहे. इंदापूर तालुक्यात ज्यांच्या नावाचे वालचंदनगर उभे राहिले, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टची स्थापना केली, तर १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू करून क्रायस्लरच्या डॉज, फार्गो ट्रकांची जुळणी इथे आणली. पुढे सरकारकडे गेलेल्या त्याच विमान कारखान्यात लिबरेटर दुरुस्त झाली. ऊस, साखर, विमान आणि ट्रक या चार गोष्टी एका माणसाच्या कामात एकत्र आल्या, याचा परिणाम या भागातल्या यंत्रकौशल्यावर आजही दिसतो.

बारामती-फलटण रस्त्यावर नीरेकाठी वसलेले सांगवी हे या पट्ट्यातले गाव. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने इथे ऊस आणला, उसाने कारखाने आणले आणि कारखान्यांमागून वर्कशॉप आले. साखर कारखान्याचे मिल बेअरिंग, ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स, ट्रॉलीचे पाटे, विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन या कामांनी इथल्या लेथवाल्यांचा आणि वेल्डरांचा हात तयार केला आहे. जुन्या लष्करी ट्रकाचा सुटा भाग जेव्हा बाजारात मिळत नाही, तेव्हा तो बनवून देणारा माणूस अशाच गावात सापडतो. महागड्या मोटारींच्या शोरूमला हे काम जमत नाही.

ओळख पटवणे

शेतात, गॅरेजच्या मागे किंवा भंगाराच्या आवारात उभा असलेला, चारही चाकांना जोर असलेला जुना शेवरले हा एम-६ आहे की साधा मालट्रक, हे ठरवण्याची पहिली कसोटी फितीने होते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते ३१७ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे १२५ इंच भरले तर शोध पुढे न्यायला हरकत नाही. ३६८ सेंटिमीटर भरले तर तो १४५ इंचांचा मालट्रक.

ही कसोटी पुरेशी मात्र नाही. नागरी वापरात चासी कापून आखूड किंवा लांब करण्याची पद्धत सर्रास होती. म्हणून दुसरी पायरी चासीखाली झोपून करायची. तारेच्या ब्रशने गंज आणि ग्रीसचा थर काढावा, टॉर्च चासीच्या बाजूपट्टीशी समांतर धरावा आणि प्रकाश तिरपा पडू द्यावा. कारखान्यातली चासी अखंड दाबलेल्या पट्टीची असते. आडवे दांडे रिबिटांनी जोडलेले असतात आणि रिबिटांची डोकी गोल, एकसारखी दिसतात. मध्येच वेल्डचा मणी, आतून लावलेली जाड पट्टी किंवा रिबिटांऐवजी नट-बोल्ट दिसले, तर तिथे नंतरचा हात फिरलेला आहे. तिरप्या उजेडात आणखी एक गोष्ट दिसते : वापरात नसलेली छिद्रे. केबिनमागे आणि चासीच्या शेपटीला जोडी-जोडीने, दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर पाडलेली भोके आणि त्यांच्याभोवती जड वस्तू घासून झालेला चकचकीत खळगा असेल, तर तिथे कधी काळी उचलयंत्रणेचे पाय बसलेले असण्याची शक्यता मोठी. अशा प्रत्येक छिद्राचे माप, चासीच्या टोकापासूनचे अंतर आणि छायाचित्र नोंदवल्याशिवाय एकही भोक बुजवू नये.

तिसरी खूण पाटीची. केबिनमध्ये बसवलेल्या धातूच्या पाटीवर वाहनाचा प्रकार, क्रमांक आणि सैन्याला दिल्याची तारीख कोरलेली असते. पाटी हरवली असेल तर चासीवरचा क्रमांक शोधावा. इंजिनच्या क्रमांकावर भरवसा ठेवू नये. युद्धकाळातही इंजिने बदलली जात आणि नंतर भारतात पेट्रोलचा खर्च टाळण्यासाठी अनेक ट्रकांत पर्किन्स पी-६ डिझेल इंजिन बसले. चौथी खूण रंगाची. झाकल्या जागी, उदाहरणार्थ डॅशबोर्डच्या मागे किंवा बॅटरीच्या खणात, नाण्याएवढी जागा ओल्या पॉलिश पेपरने हळूहळू घासली की रंगांची वर्तुळे एकाआड एक उघडी पडतात. बाहेरचा निळा किंवा तपकिरी रंग नागरी मालकाचा, खालचा मंद हिरवा सैन्याचा आणि सर्वांत खाली प्रायमर. या वर्तुळांवरून वाहनाचे आयुष्य कोणत्या क्रमाने गेले ते वाचता येते.

पुनरुज्जीवनाचा क्रम

इंजिनपासून सुरुवात करण्याचा मोह सर्वांना होतो. योग्य क्रम चासी, ब्रेक, स्टिअरिंग, मग इंजिन आणि शेवटी पत्रा असा आहे. जे वाहन थांबवता येत नाही ते चालवण्यात अर्थ नाही.

ब्रेकच्या बाबतीत मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, सर्व नळ्या आणि निर्वात मदतीचे हायड्रोव्हॅक यंत्र पूर्ण उघडावे. जुने रबर बाहेरून शाबूत दिसते आणि आतून भुसभुशीत झालेले असते. जुन्या लायनरांत आणि गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस असते, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून वेगळी ठेवावी. चाकांच्या रिंगा हा त्याहून मोठा धोका. लॉक रिंगच्या जुन्या चाकात हवा भरताना रिंग नीट बसली नसेल तर ती उडते आणि माणूस जागीच मरू शकतो. अशा चाकात हवा पोलादी पिंजऱ्यात ठेवूनच भरावी आणि गंजाने खड्डे पडलेली रिंग वापरूच नये.

शेवरलेचे इंजिन समजून घ्यायला सोपे असले तरी त्याची एक खासियत अनेकांना गोंधळात टाकते. या काळातल्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला दाबाने तेल मिळत नाही. रॉडच्या खालच्या टोकाला छोटी पळी असते. ती फिरताना तेलाच्या पन्हळीत बुडते आणि तेल बेअरिंगकडे उडवते. त्यामुळे तेलाच्या दाबाचा काटा आजच्या इंजिनांच्या मानाने खूप खाली राहतो. तो पाहून इंजिन खराब ठरवू नये आणि काटा वर चढावा म्हणून घट्ट तेलही भरू नये. या रॉडांची बेअरिंग बदलायच्या शेलची नसून थेट रॉडमध्ये ओतलेल्या व्हाइट मेटलची असतात. ते पुन्हा ओतून लेथवर मापात आणणारे कारागीर आज कमी उरले आहेत. जिथे सापडतील तिथे त्यांच्याकडून काम करून घेता घेता त्यांची पद्धत लिहून ठेवणे हेही जतनाचेच काम आहे.

इंधनाचा प्रश्न नवा आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊसपट्ट्याच्या अर्थकारणाला त्याचा हातभार लागतो, पण १९४०च्या दशकातले रबरी पाइप आणि पंपाचे पडदे त्यासाठी बनलेले नाहीत. इथेनॉल पाणी शोषते, दीर्घकाळ उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो आणि जुने रबर फुगते. पाइप, पडदे आणि वॉशर इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत, टाकी आतून साफ करून घ्यावी आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी. विजेची व्यवस्था सहा व्होल्टचीच ठेवणे शक्य आहे. मात्र तारा जाड हव्यात आणि चासीला जोडलेली अर्थिंगची जागा उघड्या लोखंडापर्यंत घासलेली हवी. सहा व्होल्टच्या गाड्या सुरू होत नाहीत अशी तक्रार बहुतेक वेळा बारीक तारांमुळे आणि गंजलेल्या अर्थिंगमुळे येते.

उचलयंत्रणा हा या ट्रकाचा आत्मा, आणि बहुतेक वेळा तीच गायब असते. ती नव्याने बनवायची झाली तर मूळ तांत्रिक पुस्तिका आणि मापे मिळवूनच बनवावी. अंदाजाने उभी केलेली तुळई प्रेक्षकाची दिशाभूल करते. मूळ यंत्रणा सापडली तर हुकाचे तोंड उघडले आहे का, साखळीच्या कड्या ताणल्या आहेत का आणि वेल्डजवळ केसासारखी चीर आहे का हे पाहावे. चीर शोधण्याचे लाल द्रव आणि पांढऱ्या पावडरीचे साधन साखर कारखान्यांच्या वर्कशॉपमध्ये असतेच. कारखान्यांतल्या उचलयंत्रांची कायद्याप्रमाणे दरवर्षी सक्षम व्यक्तीकडून तपासणी होते. प्रदर्शनातल्या यंत्रणेनेही तीच शिस्त पाळावी. तपासणी झाल्याशिवाय त्या तुळईला रिकामा ड्रमसुद्धा लटकवू नये.

सुरक्षा आणि कायदा

बॉम्बवाहू ट्रकावर बॉम्ब दाखवायचा मोह स्वाभाविक आहे. तो पत्र्याचा किंवा फायबरचा, आतून पोकळ, नव्याने बनवलेला असावा. लष्कराच्या सराव क्षेत्रांतून, नदीपात्रातून किंवा भंगारातून मिळालेले कवच रिकामे आहे असे कोणीही सांगितले तरी त्याला हात लावू नये, ते हलवू नये, कापू नये, पोलिसांना कळवावे. भंगारासाठी अशी कवचे फोडताना महाराष्ट्रात माणसे मेली आहेत. स्फोटकांसंबंधीचे १८८४ आणि १९०८चे कायदे तसेच १९५९चा शस्त्र कायदा या बाबतीत कडक आहेत, आणि ते तसे असणे योग्यच आहे.

वाहनाच्या कागदपत्रांबाबत २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. त्या नियमांचा रोख मुख्यतः जुन्या दुचाकी आणि खासगी मोटारींकडे आहे. लष्करी मालवाहू ट्रक त्यात बसतो का, हे काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. लिलावाची पावती, जुने नोंदणीपुस्तक आणि मालकीहक्काचे कागद वाहनाइतकेच जपावेत. त्यांच्याशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही आणि तिचा इतिहासही सिद्ध होत नाही.

कोणते रूप जपायचे

शेवटचा प्रश्न निर्णयाचा आहे. ज्या ट्रकाने दोन वर्षे बॉम्ब वाहिले आणि पुढे वीस वर्षे धान्य, ऊस किंवा वाळू वाहिली, त्याचे खरे रूप कोणते? १९४४चा हिरवा रंग चढवून नंतरच्या सगळ्या खुणा पुसल्या, तर एका काळासाठी दुसऱ्या काळाचा बळी जातो. उलट नागरी हौदा तसाच ठेवला तर मूळ वाहन कधीच दिसत नाही. उत्तर वाहनागणिक बदलते, पण त्याचा निकष ठरवता येतो. उचलयंत्रणा, पाटी आणि मूळ चासी शाबूत असतील तर लष्करी रूपाकडे जावे. यांपैकी बहुतेक हरवले असेल तर वाहनाचे नागरी आयुष्य जपावे आणि त्याच्या लष्करी उगमाची माहिती शेजारी फलकावर द्यावी. दोन्ही बाबतींत काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवावा आणि नव्याने बनवलेल्या भागावर, सहज दिसणार नाही अशा जागी, वर्ष ठोकून ठेवावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला जुने आणि नवे वेगळे करता येईल.

माहितीफलकावर वाहनाच्या अश्वशक्तीबरोबर त्याच्या कामाचा परिणामही लिहिला पाहिजे. या गाड्यांनी वाहिलेले बॉम्ब शहरांवर आणि माणसांवर पडले. युद्धसामग्रीचे जतन हे युद्धाचे कौतुक नसते. लढाई जमिनीवर कशी चालते, तिच्यात किती हात गुंततात आणि एका विमानामागे किती कष्ट उभे असतात, हे पुढच्या पिढीला वस्तूवरून दाखवणे हा त्याचा हेतू आहे. अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) रणगाडा संग्रहालयाने १९९४ पासून रणगाड्यांसाठी हे काम केले आहे. पुरवठ्याच्या वाहनांना तशी जागा मिळणे अजून बाकी आहे.

पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे : आधी बॉम्बपुरवठ्याची पद्धत, मग वाहनांचे प्रकार आणि त्यांची मापे, नंतर ओळख पटवण्याच्या कसोट्या, त्यापुढे भागवार दुरुस्ती आणि शेवटी नोंदणी, प्रदर्शन आणि नोंदवहीचे नमुने. ज्याच्या हाती वाहन आहे त्याने ओळखीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि ते पूर्ण होईपर्यंत एकही बोल्ट सोडू नये. ज्याच्या हाती वाहन नाही, त्यानेही आपल्या गावातल्या जुन्या चालकांकडून आणि फिटरांकडून डिस्पोजलच्या गाड्यांच्या आठवणी, कागद आणि छायाचित्रे गोळा करावीत. ती पिढी आता थोडीच उरली आहे आणि लोखंडापेक्षा ही माहिती लवकर नाहीशी होते.